लाल दोऱ्याची बाटली

मावशींच्या हातात सहीसाठी पेन दिलं की त्या ते तापमापकासारखं दोनदा झटकायच्या, कागदाला न टेकवता शेजारी ठेवून द्यायच्या आणि पदर सावरून म्हणायच्या, "आता सांगा. बैजवार सांगा. मंग बघू."

पेन माझं असायचं. बॉलपेन. त्याला झटकून काही होत नाही, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं.

"पेनाला नाय होत," मावशी म्हणाल्या, "देणाऱ्याला व्हतं."

हे खरं होतं. ते झटकणं पाहिलं की मी पिशवीतले कागद उगाच चाळायला लागायचो. पुढे काय विचारणार याचा अंदाज नसे आणि उत्तर तर माझ्याकडे कधीच नसे.

दिंडोरीच्या पलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध त्यांचं गाव; तिथे सगळेच त्यांना मावशी म्हणत. घरोघरी नळ द्यायच्या योजनेत तिथे पाणी समिती झाली आणि मावशी तिच्या अध्यक्ष झाल्या. मी त्या तालुक्याचा समन्वयक होतो, कंत्राटी. समन्वयक म्हणजे नेमकं काय, असं लग्न ठरताना बायकोनं विचारलं होतं, तेव्हा मी अर्धा तास बोललो होतो. पुढे माझ्या लक्षात आलं की ज्याच्या हाती ना पाना ना पाइप, पण ज्याच्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे फोटो असतात, त्याला समन्वयक म्हणतात.

त्या अध्यक्ष कशा झाल्या तेही ऐका. समितीत निम्म्या बाया हव्यात, अध्यक्षही बाईच असलेली बरी, असं मी ग्रामसभेत ठासून सांगितलं. सरपंचांनी सभेवर नजर फिरवली. बाया सगळ्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या. मावशी तेवढ्यात बागेतून आल्या होत्या आणि बसायला जागा शोधत होत्या. "ह्या काय, उभ्याच हायेत," सरपंच म्हणाले, आणि ठराव झाला. मावशींचे दीर पुढच्या रांगेतून म्हणाले, "वहिनी सही करतील. बाकीचं आम्ही बघून घेऊ." सभेनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अहवालात लिहिलं, 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग.'

मावशींचं वय तेव्हा पंचावन्नच्या आगेमागे असेल. घरची दीड एकर बाग. नवरा गुडघ्यांनी घरी बसलेला, मुलगा ट्रॅक्टरवर, सून स्वयंपाकात आणि मावशी सगळीकडे.

अध्यक्ष झालेल्या माणसाला प्रशिक्षण द्यावं लागतं. ते मी ऑक्टोबरात ठेवलं, सकाळी अकराला. तुम्ही द्राक्षाच्या भागातले असाल तर इथेच हसाल. ऑक्टोबरात बागांची छाटणी असते, आणि छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायला गावातल्या झाडून साऱ्या बाया बागेत असतात. माझ्या 'महिला आणि पाणी' या प्रशिक्षणाला चौदा जण आले. त्यांतले तेरा पुरुष. चौदाव्या मावशी. त्या काम सोडून तशाच आलेल्या, हातमोज्यांना पेस्ट लागलेली, म्हणून दोन्ही हात वर धरून बसल्या होत्या; ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारख्या.

पडद्यावर मी एक रंगीत गोल चित्र लावलं. घरात नळ आला की बाईचा रोजचा केवढा वेळ वाचतो, त्याचं. हिरवा तुकडा म्हणजे वाचलेला वेळ.

"हा हिरवा ठेवायचा कुठं?" मावशींनी विचारलं.

"ठेवायचा म्हणजे?"

"वाचला ना वेळ? मंग तो ठेवत्यात कुठं? आमच्याकडं वाचला रे वाचला की कोनीतरी घेऊन जातंय. आता मी हितं बसलीय, हाच का तो हिरवा?"

तेरा पुरुष हसले. मी घाईने पुढचं चित्र लावलं.

पुढचं होतं पाणी तपासण्याचं. समितीला एक पेटी मिळते, तिच्यात औषध घातलेल्या बारक्या बाटल्या असतात. बाटलीत पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं, हलवायचं आणि दोन दिवस उबदार जागी ठेवून द्यायचं. पाण्यात घाणीचे जंतू असतील तर ते काळं होतं. नसतील तर होतं तसं पिवळसर राहतं. इतकं सोपं. 'उबदार जागी' हे शब्द माझ्याच पडद्यावर होते, तिसऱ्या ओळीत. मी ते मोठ्यानं वाचले. पण ऐकले नाहीत.

मावशींनी ऐकले.

पेटी हातात पडल्यावर त्यांनी गावातलं पाणी एकेक करून धरायला सुरुवात केली. शाळेची टाकी, अंगणवाडीचा माठ, बागेतलं औषध कालवायचं पिंप. पंचायतीच्या कचेरीत एक गार पाण्याचा जार असायचा. "आपल्याकडं एकदम शुद्ध, शहरातनं येतो," असं म्हणत सरपंच पाहुण्यांना त्यातला ग्लास आग्रहानं द्यायचे. मावशींनी तेही तपासलं. तिसऱ्या दिवशी बाटली सरपंचांच्या टेबलावर नेऊन ठेवली. काळी. त्या दिवसापासून सरपंच घरून थर्मास आणू लागले आणि पाहुण्यांना चहाच देऊ लागले. त्या जारमधलं पाणी मी महिनाभर पीत होतो, हे मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गावाच्या खालच्या अंगाला नाला आहे आणि नाल्यापलीकडे पंधरा-वीस घरांची वस्ती. पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामाला आलेली आणि मग इथेच राहिलेली माणसं. हिरा त्यांतलीच. मावशींच्या बागेत ती कित्येक वर्षं काम करते. तिची दीड वर्षाची पोर बागेतच, द्राक्षाच्या मांडवाच्या तारेला बांधलेल्या झोळीत झोपते. वस्तीत नळ आला त्या दिवशी हिरानं नळाला कुंकू लावलं. पुढच्या महिन्याभरात ती पोर दोनदा दवाखान्यात सलाइन लावून आली. वस्तीतल्या बाकीच्या पोरांचीही पोटं बिघडलेली. नळ नव्हता आणि विहिरीचं पाणी आणत होते, तेव्हा असं नव्हतं.

योजनेचं काम कागदावर संपलं होतं. काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर अध्यक्षांची सही तेवढी बाकी. ती झाली की ठेकेदार मोकळा, 'घरोघरी नळ' म्हणून गावाचं नाव जाहीर, आणि जमिनीतला पाइप आपापल्या नशिबाला. डिसेंबर लागला तसा दाखला घेऊन मी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसलो. पेन दिलं. त्यांनी ते झटकलं.

"वस्तीचं पाणी तपासलं का?"

"तपासतो की. आजच नेतो."

मी वस्तीतल्या नळाची बाटली भरली, दिंडोरीला कचेरीत आणली आणि लोखंडी कपाटात ठेवली. कपाट उत्तरेच्या भिंतीला. डिसेंबरात आमच्याकडे द्राक्षाच्या मण्यांना थंडी बाधू नये म्हणून पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतात. कचेरीत आम्ही चहाचा ग्लास पिण्यासाठी कमी आणि धरून बसण्यासाठी जास्त मागवायचो. त्या कपाटात बाटली दोन दिवस राहिली आणि जशीच्या तशी बाहेर आली. मी तिचा फोटो काढला, 'पाणी सुरक्षित' अशी नोंद भरली आणि ऐटीत मावशींकडे गेलो.

मावशींनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि मग गालाला लावली.

"गार हाय."

"थंडी आहे ना, मावशी."

"कुठं ठेवली व्हती?"

"कपाटात. कुलूप लावून." कुलपाचा मला अभिमान होता.

"साहेब, तुमच्याकडं दही कोन लावतं?"

"बायको," मी म्हणालो. आमच्याकडे दही डब्यातलं येतं हे सांगण्याचं धैर्य झालं नाही.

"थंडीच्या दिसांत पातेलं कपाटात ठेवती का?"

मी बाटली परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही.

"गारठ्यात विरजण लागत नाय, साहेब. दोन दिस ठेवा नायतर चार, दूध दूधच ऱ्हातं. म्हून काय त्यात विरजण नव्हतंच व्हय?"

मग त्या मला आत घेऊन गेल्या. चुलीमागच्या उबदार कट्ट्यावर, भानवशीवर, दह्याचं पातेलं घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी तसंच एक लहान गाठोडं. ते सोडल्यावर त्यातून दोन बाटल्या निघाल्या. एकीच्या मानेला पांढरा दोरा बांधलेला, दुसरीच्या लाल. पांढरा दोरा मावशींच्या अंगणातल्या नळाचा, लाल हिराच्या नळाचा. पांढऱ्या दोऱ्याची बाटली पिवळसर होती. लाल दोऱ्याची काळी, काजळ कालवल्यासारखी.

"नाव लिव्हलं तर पुसतं," दोऱ्यांबद्दल त्या म्हणाल्या. "आन् सुनेला बजावून ठेवलंय, अंधारात ह्यातलं विरजण घेऊ नको म्हून."

मी तांत्रिक माणूस. मी म्हणालो, "मावशी, चुलीपाशी ठेवल्यावर काहीही काळं होईल. धग लागली असणार."

"दोन्ही एकाच फडक्यात व्हत्या. धग काय लाल दोरा बघून लागती?"

अशा पडताळणीला विज्ञानात काहीतरी नाव आहे. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. त्या वेळी आठवलं नाही.

सही झाली नाही म्हटल्यावर संध्याकाळी मावशींचे दीर, सरपंच आणि ठेकेदार असे तिघे ओट्यावर जमले. मी तिथे होतोच. चार पुरुष आणि एक पेन.

दीर म्हणाले, "वहिनी, अख्ख्या तालुक्यात आपलं गाव मागं ऱ्हायलं. एका बाटलीपायी?"

"दोन बाटल्या," मावशी म्हणाल्या.

"काकू, सही तर करा," ठेकेदार म्हणाला. "पुढच्या महिन्यात माणूस लावून वस्तीची लाइन बघून घेतो ना. शब्द देतो तुम्हाला."

"शब्द राहू द्या तुमच्यापाशीच. आमच्याकडं ठेवायला जागा नाय. पाइप द्या."

सरपंच समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मावशी, त्या लोकांसाठी तुम्ही साऱ्या गावाशी कशाला वाकडं घेता?"

"वाकडं कशाला घेऊ? हिराची पोर दुखण्याला पडली की हिरा कामाला येत नाय. हिरा नाय आली की बाकीच्या चौघी येत नाय. मंग माझ्या घडांतले जादा मणी कोन काढील? तुम्ही येता?"

सरपंच येणार नव्हते.

हे कारण त्या सगळ्यांना सांगायच्या. मलाही सांगितलं. बाई हिशेबी आहे, अशी मी मनाशी नोंद केली. माझ्या बाकीच्या नोंदींइतकीच खात्रीची. त्याच दिवशी त्यांनी वस्तीतल्या बायांना सांगून टाकलं, की पाइप होईस्तोवर प्यायचं पाणी माझ्या अंगणातल्या नळावर भरा. सकाळी तिथे हंड्यांची रांग लागू लागली. शेजारी दिरांचं घर, त्यांच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. दिरांनी बोलणं टाकलं. मग जावेनं टाकलं. हळदीकुंकवाचं बोलावणंही शेजारच्या घरातून पहिल्यांदाच आलं नाही. मी एकदा गेलो तेव्हा मावशी चुलीवर पाणी उकळून एका तांब्यात ओतत होत्या. तांब्यावर वाटी झाकून तो वेगळा ठेवला.

"हे कोणाला?"

"हिराच्या पोरीला."

"मणी काढायचेत म्हणून?" मी चेष्टेनं विचारलं.

"मंग? माणसं काय झाडाला लागत्यात व्हय," त्या म्हणाल्या आणि तांब्या सुनेच्या हाती देऊन बागेकडे निघाल्या.

पण त्या ओट्यावरच्या संध्याकाळचं राहिलंच. तिघे गेल्यावर मावशींनी मला थांबवलं. नव्या भरलेल्या दोन बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. एक पांढरा दोरा, एक लाल.

"तुम्हाला माझ्या चुलीचा संशव हाय ना? ह्या पोटाशी बांधा. अंगाला काय धग नसती, ऊब असती. दोन दिस ठेवा. मंग तुम्हीच सांगा, सही करू का नको. तुम्ही म्हनाल तसं करते."

'तुम्ही म्हणाल तसं करते' असं मला नोकरीत कोणी कधी म्हटलं नव्हतं. घरी तर नाहीच. मी बाटल्या घेतल्या.

नाशिकला घरी पोचल्यावर पाय मुरगळल्यावर गुंडाळतात ती लवचीक पट्टी काढली आणि बाटल्या पोटाला बांधल्या. बायकोनं विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "पाणी." तिनं पुढे विचारलं नाही. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली आहेत.

दोन दिवस मी वाकलो नाही. गतिरोधक आला की एक हात पोटावर. कचेरीतल्या शिपायानं मला खुर्ची आणून दिली आणि हळूच म्हणाला, "साहेब, अपेंडिक्स काढूनच टाका. माझ्या मेव्हण्याचं काढलं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी सोडून पाहिलं. लाल दोऱ्याची बाटली काळी झाली होती. खिडकीतून उजेड कमी येतोय, असं मी स्वतःला सांगितलं. खात्रीसाठी बूच उघडून वास घेतला. वासाला उजेड लागत नाही. बूच परत लावलं, पट्टी बांधली आणि बैठकीला निघालो.

त्या दिवशी दुपारी जिल्ह्याची आढावा बैठक होती. तिथे काय सांगायचं ते मी ठरवलेलं होतं. 'आठवड्याभरात दाखला येतो, सर.' इतकंच. हे खोटं नव्हतं. मावशींना मी 'करा सही' म्हटलं असतं तर त्यांनी केली असती. म्हणजे एका वाक्यात गाव जाहीर झालं असतं आणि हिराची पोर पुन्हा त्याच नळाखाली गेली असती. हे मला तेव्हाही इतकंच स्पष्ट कळत होतं, म्हणून मी त्याचा विचार करत नव्हतो.

जेवणानंतरची वेळ. थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले. तालुक्यांचा क्रम लागलेला, कळवणनंतर आम्ही. कळवण चालू असताना वास आला.

जंतूंनी बाटली काळी झाली की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. हेही माझ्या पडद्यावर होतं, पाचव्या ओळीत, बूच घट्ट लावण्याच्या सूचनेसकट.

मोठ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. माझ्या शेजारच्या अभियंत्यांनी खुर्ची हातभर सरकवली आणि माझ्याकडे न पाहता पाहिलं. कळवणचा समन्वयक बोलता बोलता थांबला आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाला, "सर, मी नाही." जेवणात अंडाकरी होती का, अशी दबक्या आवाजात चौकशी झाली. नव्हती.

"दिंडोरी," साहेब रुमालातून म्हणाले.

मी उभा राहिलो. पट्टी सैल झाली. दोन्ही बाटल्या पोटावरून खाली निघाल्या. एक तर त्यांना विजारीत जाऊ द्यायचं, नाही तर शर्टाची बटणं सोडायची. वीसेक अधिकाऱ्यांसमोर मी बटणं सोडली आणि बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय आहे?"

"नळाचं पाणी, सर. पांढरा दोरा गाव, लाल दोरा वस्ती."

"आणि ते तुमच्या पोटावर?"

"अध्यक्षबाईंनी ठेवायला सांगितलं, सर. ऊब लागते."

"दाखला कुठंय?"

ठरवलेलं वाक्य ओठांवर होतं. पण समोर ती काळी बाटली, खोलीभर तिचा वास, आणि माझा शर्ट उघडा. अशा अवतारात माणूस खोटं बोलणार तरी किती?

"बाई सही करणार नाहीत, सर," मी म्हणालो. "आणि करू नये असं मीच त्यांना सांगणार आहे. मी पाठवलेली नोंद चुकीची होती. ती बाटली मी गारठ्यात ठेवली होती."

मी धाडस केलं, असं नंतर एकदोघांनी सांगितलं. मी नाही म्हटलं नाही. पण तुम्हाला म्हणून सांगतो, बाटली घसरत होती.

साहेबांनी पेनाच्या टोकानं लाल दोऱ्याची बाटली दूर ढकलली. मग म्हणाले, "आधी बाहेर न्या." मी विचारलं, "बाटली की मला?" ते म्हणाले, "क्रमाने." मी बाटल्या बाहेर ठेवून आत आलो, तोवर वस्तीचा पाइप उकरून पाहायचा हुकूम झाला होता.

दोन दिवसांनी नाला खोदला. पाइप थेट गटाराच्या गाळातून नेलेला होता आणि एका सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाणी सोडलं की सांध्यातून बाहेर उडायचं. बंद केलं की गटार आत ओढलं जायचं. सारं गाव काठावर जमलं होतं. ठेकेदार मावशींना म्हणाला, "ट्यूब नवी होती, काकू." मावशींनी त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की तो स्वतःच खाली उतरून गाळ उपसू लागला.

नवा पाइप नाल्याच्या वरून, लोखंडी नळीतून गेला. तो होईस्तोवर संक्रांत उलटली. तोवर गाव जाहीर करण्याच्या कार्यक्रमाची तारीख ठरली, मांडवाचं सामान आलं, पाहुण्यांना निमंत्रणं गेली. मी पुन्हा दाखला घेऊन ओट्यावर.

"पाइप झाला," मावशी म्हणाल्या. "पाणी कुठं तपासलं?"

पुन्हा दोन बाटल्या भरल्या. "दोन दिवस पुरेत," मी म्हणालो.

"गारठा लय हाय. तीन."

तीन म्हणजे नेमकी कार्यक्रमाचीच सकाळ. सरपंचांनी त्या तीन दिवसांत माझ्याशी जे बोलणं केलं त्यातलं मी इथे काही लिहीत नाही.

त्या सकाळी मांडवात खुर्च्या लागत होत्या तेव्हा मी मावशींकडे पोचलो. सून म्हणाली, "आत्या वस्तीत गेल्यात." वस्तीत हिराच्या दारात मावशी बसल्या होत्या, मांडीवर ते गाठोडं. मी आलेला पाहिला, पण बाटली मला दाखवली नाही. लाल दोऱ्याची बाटली काढून हिराच्या हातात दिली. हिरानं ती उन्हाकडे धरली, तिरकी केली, पदरानं पुसून पुन्हा धरली. आजूबाजूच्या बाया वाकून बघायला लागल्या.

"पिवळीच हाय," हिरा म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "मावशी, पिवळीच हाय!"

मावशी उठल्या, नळ सोडला आणि पहिली ओंजळ स्वतः प्याल्या. हिरानं दुसरी पोरीच्या तोंडाला लावली. पोरीनं निम्मी प्यायली, निम्मी माझ्या बुटावर सांडली.

"आना," मावशी म्हणाल्या. मोटारसायकलच्या सीटवर दाखला ठेवून त्यांनी सही केली, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं.

"चला आता मांडवात. सत्कार आहे तुमचा."

"तुम्ही व्हा म्होरं. घडांना कागद बांधायचेत, बाया खोळंबल्यात."

येतील, असं मी मांडवात सांगितलं. त्या आल्या नाहीत. व्यासपीठावर 'अध्यक्षा' अशी चिठ्ठी लावलेली खुर्ची रिकामी. मोठ्या साहेबांना पुढे विंचूरला जायचं होतं. "अध्यक्षांच्या वतीनं कोणीतरी या," ते शाल उलगडत म्हणाले. दीर उठले. सरपंचही उठले. या दोघांपैकी कोणाला ती शाल मिळू नये, या एकाच विचारानं मी दोघांच्या आधी पोचलो. साहेबांनी शाल माझ्या अंगावर घातली, नारळ हातात दिला, आणि फोटो निघाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो छापून आला. खाली ओळ होती, 'पाणी समितीच्या महिला अध्यक्षांचा सत्कार.' माझं कंत्राट संपल्यावर पुढच्या हंगामात त्या गावी गेलो होतो, तेव्हा मावशींच्या बागेत एका घडाला उन्हापासून जपायला गुंडाळलेल्या कागदावर मी दिसलो. घड चांगला होता.

पण त्या दिवशी, मांडव सुटल्यावर, शाल आणि नारळ घेऊन मी बागेत गेलो. दुपार कलत होती. द्राक्षाच्या मांडवाखाली बाया घडांना पेपर बांधत होत्या. एरवी त्या बागेतलं बोलणं रस्त्यावर ऐकू येई. आज कोणी बोलत नव्हतं. मी नेहमीसारखा लांबूनच ओरडलो, "मावशी! तुमचा सत्कार मीच घेतला!"

पाचही जणींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. हिरानं ओठांवर बोट ठेवलं.

मांडवाच्या एका खांबाला पाठ टेकून मावशी बसल्या होत्या. मांडीवर पेपरांचा गठ्ठा, एका हातात सुतळीचा तुकडा, मान कलंडलेली. शेजारी झोळीत पोर झोपलेली. मावशींना मी इतक्या महिन्यांत काही न करताना प्रथमच पाहत होतो.

"तीन राती जाग्या हायेत," हिरा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली. "घटका-घटकानं उठायचं नि बाटल्यांचं फडकं गरम करायचं. सून करते म्हनली तर तिच्या हाती देईनात. आता कागद घ्यायला बसल्या, तशाच निजल्या."

तिनं हात पदराला पुसले, माझ्या हातातली शाल घेतली, घडी मोडली आणि मावशींच्या अंगावर पांघरली. पायांकडून नीट खोचली. दुसरीनं मांडीवरचे पेपर अलगद काढून घेतले. मग सगळ्या आपापल्या ओळीला लागल्या.

अध्यक्षांचा सत्कार असा झाला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. त्या जाग्या झाल्या असत्या.